शेवाळाचा वानोळा

समुद्र बरोबर घेऊन मराठवाड्यात जायचं असेल, तर तो आधी सुकवावा लागतो. मी सुकवला होता. माडीवर, सावलीत, धुतलेल्या सुती चादरीवर, घरातल्या दोन्ही मांजरांवर डोळा ठेवून. मग एका पांढऱ्या कापडी पिशवीत भरला, तोंड दोरीने आवळलं आणि निघाले.

पिशवीत शेवाळ होतं. आमच्या गावाच्या खडकांवर थंडीत वाढतं ते तपकिरी, झुडपासारखं, मण्यांएवढ्या फुग्यांचं. आमचं गाव रत्नागिरीच्या खाली, समुद्राला टेकून आहे आणि मी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देते. दोन थंड्यांपूर्वी त्यातल्या एका खोलीत प्रज्ञा आली. मुखेड तालुक्यातली मुलगी, नांदेडजवळ विष्णुपुरीला राहून पीएच.डी. करणारी. पहिल्या संध्याकाळी भरतीचं पाणी बघून तिने मला हळूच विचारलं, "मावशी, हे रोज एवढं जवळ येतं का?" त्याच क्षणी मी तिला दत्तक घेतली, तिला न विचारता.

तिचं काम काय, ते तिने मला मासे साफ करता करता समजावलं होतं. शरीराला कुठे इजा झाली की शरीराचेच शिपाई धावतात, म्हणून सूज येते, दुखतं, लाल होतं. शिपायांनी काम आटोपून घरी जावं. पण कधीकधी ते जातच नाहीत, तिथेच मुक्काम ठोकतात, आणि मग सांधे वर्षानुवर्षं ठणकतात. आता शेवाळ बघा. ओहोटीला उन्हात भाजतं, भरतीला लाटांचा मार खातं, आणि पळून जायला त्याला पाय नाहीत. म्हणून ते स्वतःच्या बचावासाठी अंगातच तऱ्हेतऱ्हेची रसायनं बनवतं. त्यातली काही आपल्या शिपायांनाही शांत करतात का, हे प्रज्ञा शोधते. काचेच्या बशीत पेशी वाढवायच्या, त्यांना मुद्दाम चिडवायचं, मग शेवाळाचा अर्क द्यायचा आणि त्या किती निवळल्या ते मोजायचं. मी म्हटलं, "चिडवून मग शांत करायचं, हे मी लग्न झाल्यापासून करते आहे. मला कुणी पदवी दिली नाही." ती म्हणाली, "मोजलं न्हाई ना तुम्ही."

दोन वेळा तिचा प्रयोग छान आला होता. तिसऱ्यांदा तसाच आला तरच तो खरा धरणार होते. पण शेवाळ त्याच खडकावरचं, त्याच ऋतूतलं हवं, कारण जागा बदलली की त्याच्या आतला मालही बदलतो. मागच्या थंडीत पाठवलेल्या पार्सलाला वाटेत ओल लागली आणि आत बुरशी निघाली. या थंडीत तिला प्रयोगशाळा एका दिवसापेक्षा जास्त सोडता येईना. पेशी मंगळवारी तयार होणार होत्या, आणि ही थंडी हुकली तर पुढच्या थंडीपर्यंत तिची मुदतच संपत होती. मी म्हटलं, मी काढते आणि मीच आणून देते. पौर्णिमेच्या ओहोटीला तिने शिकवलं होतं तसं काढलं, एकदा घसरून खडकावर बसले, उठले, पुन्हा काढलं.

तिच्या आईचा, सुमनताईंचा, फोन आला. "आधी आमच्या घरी यायचं, ताई. प्रज्ञा येती सुट्टीच्या दिशी गावाकडं. थेट नांदेडला गेलाव तर मी बोलायची न्हाई."

लातूर

लातूरला सकाळी उतरले तर शहर बंद. दुकानं बंद, टपऱ्या बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा सुट्टीवर असल्यासारखी. मला वाटलं, काहीतरी गंभीर घडलंय. स्टँडाबाहेर एक गृहस्थ मोटारीत टोपल्या भरत होते. नाव माणिकराव, हे नंतर कळलं. त्यांना विचारलं.

"आज येळवस हाय," ते म्हणाले, जणू मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलं होतं. "वेळ अमावस्या. सारं लातूर शेतात गेलंय. तुम्ही कुठं चाललाव?"

"मुखेडला."

"एसटी दुपारून बी हाय. आधी जेवा."

"पण मी तुमच्या ओळखीची नाही."

"जेवल्यावर होताल की."

आमच्याकडे अमावस्या म्हणजे मोठी ओहोटी. कालवं काढायला जायचं, आणि कुठल्या खडकावर चांगली मिळतात ते सख्ख्या बहिणीलाही सांगायचं नाही. इथे अमावस्या म्हणजे सगळ्या गावाने शेतात जायचं आणि रस्त्यावरच्या अनोळखी बाईलाही ओढून न्यायचं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. तिच्यात कडब्याची खोप उभी केलेली, खोपीत चुना लावलेले दगड देव म्हणून मांडलेले, पुढे आंबिलीचं मडकं. पूजा झाली, शेताला आंबील शिंपडून झालं, आणि मग घोंगडीवर पंगत. भज्जी म्हणजे आमच्यासारखी तळलेली भजी नव्हेत, हे पहिल्या घासाला कळलं. हिरवे दाणे आणि हाताला लागतील त्या भाज्या बेसन लावून शिजवलेली ती एक दाट, आंबट-तिखट मौज असते. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि वर थंडगार आंबील. मी तीनदा "पुरे" म्हटलं आणि तीनदा वाढून घेतलं.

जेवताना माणिकरावांच्या पत्नी सरूबाई नाक मुरडत म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पर तुमच्या पिशवीत काहीतरी मेलंय."

मी दोरी सोडून शेवाळ दाखवलं. माणिकरावांनी एक फांदी घेतली, उजेडात धरली, फुगा बोटांनी चाचपला. "हा तर घाटा हाय. हरभऱ्याचा." फुगा फोडला. आत नुसती हवा. त्यांनी खेदाने मान हलवली. "दाणाच भरला न्हाई. पाणी कमी पडलं का तिकडं?"

समुद्राच्या वतीने मी "पुढच्या वर्षी बघते" म्हटलं आणि पिशवीची दोरी पुन्हा आवळली.

निघताना सरूबाईंनी माझ्या हातात हिरव्या हरभऱ्याची जुडी आणि ज्वारीची कणसं ठेवली. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "हा वानोळा हाय. ह्याला न्हाई म्हणत न्हाईत." शेतात जे नवं आलं, त्यातलं थोडं थोडं सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना, आल्यागेल्याला द्यायचं, तो वानोळा. तो ज्या भांड्यातून येतो ते भांडं रिकामं परत करायचं नाही. मला ही रीत इतकी आवडली की पुढे दिवसभर भेटेल त्याला मी ती सांगत सुटले. एसटीत उदगीरच्या एका आजींनासुद्धा, ज्यांनी ती जन्मभर पाळली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शेजारणीला कानडीत काहीतरी सांगितलं आणि दोघी पोट धरून हसल्या.

मुखेडजवळ

सुमनताईंचं घर गल्लीच्या तोंडाशी, निळ्या दाराचं. त्या अंगणवाडीत काम करतात, शिवाय थोडं शेत आहे. बाई उंचीने माझ्या खांद्याला लागतात आणि आवाजाने एसटीला थांबवतात. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी माझ्याकडून लातूरची सगळी हकीकत काढून घेतली. वानोळ्याचं कौतुक मी दोन्ही हात पसरून, उभं राहून केलं. "असं पाहिजे," मी म्हटलं. "आलं की वाटून टाकायचं. आम्ही कोकणी माणसं बरणीत भरून ठेवतो." सुमनताईंचे डोळे चमकले. त्या चमकेचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दुसऱ्या, लाल पिशवीतून कोकम आणि फणसपोळी काढून दिली, पांढरी पिशवी खुंटीला लावली आणि म्हटलं, "ही प्रज्ञाची." मग गरम भाकरी, तूप, शेंगदाण्याची चटणी, आणि दुपारची इतकी गाढ झोप की स्वप्नातही घोरत होते.

उठले तेव्हा पांढरी पिशवी अंगणात दोरीवर वाळत होती. स्वच्छ धुतलेली. टपटप पाणी गळत होतं.

"सुमनताई, ह्यातलं शेवाळ?"

"वाटलं की," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर असा आनंद की बारशाचे पेढे वाटून आल्यात. "साऱ्या गल्लीला. मूठ मूठ. तुमची कोकमं बी दिली संगं."

"अहो, पण ते प्रज्ञाचं होतं."

"म्हणून तर. दोन वरीस गल्ली मला इचारती, सुमन, लेकीचं ते सुजेचं औषध कधी दिसंल? म्हणलं, आलंय. बगा. लेकीच्या कामाचा वानोळा हाय."

"तुमच्याकडे काही ठेवलंत?"

"आपल्याला ठेवून कसं वाटायचं?"

मी तिथेच बाजेवर बसले. मंगळवारच्या पेशी, मुदत, तिसरा प्रयोग, सगळं जमेल तसं सांगितलं. सुमनताईंचा आनंद चेहऱ्यावरून उतरला. त्यांनी पदराने पिशवीचं पाणी टिपायला सुरुवात केली, जणू पिशवी कोरडी झाली की शेवाळ परत येईल.

तेवढ्यात प्रज्ञा आली. तिने ऐकलं, उंबऱ्यावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली. मग एवढंच विचारलं, "आई, कुणी भिजवलं असंल का?"

"मला काय ठाव."

"कोरडं असंल तर चालतंय. मी तसं बी परत धुणार, निवडणार. तेल लागलेलं, शिजलेलं, भिजलेलं न्हाई चालत. चल, आणू."

"परत मागायचं?" सुमनताईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "वानोळा? प्रज्ञा, मला ह्या गल्लीत राहायचं हाय. आजवर कुणी मागितलाय का?"

मी उठले. माझ्या आयुष्यात रंगमंच आपणहून चालत येतो, मी फक्त पदर खोचते. "मी मागते," मी म्हटलं. "मी परगावची. माझी इज्जत रत्नागिरीला ठेवून आलेय."

गल्लीत

तर अशी आमची मिरवणूक निघाली. पुढे मी, मागे कोरड्या कागदी पिशव्या घेतलेली प्रज्ञा, आणि तिच्या मागे पदर तोंडावर ओढून सुमनताई, ज्या मिरवणुकीत नसल्याचं सोंग करत होत्या.

पहिल्या घरात शेवाळ तांदळाच्या डब्यात जसंच्या तसं होतं. मी लांबलचक भाषण सुरू केलं. त्या बाईंनी मध्येच डबा काढून दिला आणि म्हणाल्या, "घ्या की. त्याला एवढं कशापायी बोलायलाव?" वर वाडगाभर तुरीची डाळ दिली. प्रज्ञाने पिशवी बंद करून वर खूण केली. मला वाटलं, जमलं. भलताच सोपा खेळ आहे.

दुसऱ्या घरात वरण उकळत होतं.

"टाकलं त्याच्यातच," घरधनीण म्हणाली. "मीठ घातलंच न्हाई आज. बसा, चाखा."

बसलो. चाखलं. चव होती. वाळूही होती. प्रज्ञा बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "इतके दिवस ह्याच्यावर काम करते, चव आज कळली."

"वाईट न्हाई," घरधनीण म्हणाली.

"न्हाई," प्रज्ञा म्हणाली. "पर ह्याचा आकडा कुठं लिहू?"

तिसऱ्या घरी म्हशीने आधीच आटोपलं होतं. मालक ओशाळून म्हणाले, "तिला सूज हाय म्हणून न्हाई दिलं. कट्ट्यावर ठेवलं तर तिनं तोंड घातलं." आम्ही तिघी म्हशीसमोर उभ्या राहिलो. म्हैस अत्यंत समाधानाने रवंथ करत होती.

"शांत झालेली दिसते," मी आशेने म्हटलं.

"ती आधीपसूनच शांत हाय," प्रज्ञा म्हणाली. "धरता येत न्हाई."

चौथ्या घरी ते पाण्याच्या ग्लासात, शोभेचं रोप म्हणून खिडकीत ठेवलं होतं आणि फार सुंदर दिसत होतं. पुढे मात्र नशीब फिरलं. कुणी कागदात गुंडाळून ठेवलेलं, कुणी खुंटीला टांगलेलं, एका घरात दुधाचा फ्रिज उघडायला लावून तिथून काढलं. प्रत्येक घरातून मूठभर शेवाळ परत आलं आणि त्याबरोबर शेंगा, गूळ, ज्वारी, एकीकडून वाळूक-काकडीच्या फोडी. सुमनताईंचा पदर घरागणिक थोडा थोडा मागे सरकत गेला. पाचसहा घरांनंतर त्या पुढे येऊन स्वतःच दार वाजवायला लागल्या, आणि माझी नायिकेची भूमिका गेली.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तराजूवर घातलं. प्रज्ञाने काट्याकडे दोनदा बघितलं. कमी पडत होतं.

"कोण राहिलं?" मी विचारलं.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "गयाबाई," सुमनताई म्हणाल्या. "तिला मी दोन ओंजळी दिल्या. गुडघे बगवत न्हाईत तिचे."

गयाबाई दारातच बसल्या होत्या. दोन्ही पाय पुढे पसरलेले, गुडघे भोपळ्यासारखे. आमची वरात गल्लीतून येताना त्यांनी सगळी पाहिली होती, त्यामुळे माझं भाषण वाया गेलं. शेजारी स्टीलचा गोल डबा, घट्ट झाकणाचा, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं.

"हाय," त्यांनी डब्यावर हात ठेवला. "एक काडी बी काढली न्हाई. उद्यापसून सुरू करणार होते. प्रज्ञे, एक सांग. ह्यानं माझा गुडघा उतरंल का न्हाई?"

"उतरंल की," सुमनताई मागून पटकन म्हणाल्या.

"तुला न्हाई इचारलं."

प्रज्ञा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. मला दिसत होतं, एक गोड शब्द पुरला असता. उतरेल म्हटलं असतं तर म्हातारीने हसत दिलं असतं.

"ठाऊक न्हाई, आजी," ती म्हणाली. "काचंच्या बशीतल्या पेशी ह्यानं निवळतात. माणसाचा गुडघा निवळतो का, ते माझ्या शेवाळाचं अजून कुणी बघितलं न्हाई. म्हणून तुम्ही खाऊ बी नका, बांधू बी नका. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घ्या."

"म्हंजे इतके दिवस तू बशीतली सूज उतरवून राहिलीस."

"हाव."

"अन् हे दिलं न्हाई तर?"

"तर मंगळवारी बशी तशीच राहती."

गयाबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. मला वाटलं, नाही म्हणतील, आणि खरं सांगते, त्यांची बाजू मला पटली असती.

"सुमन उतरंल म्हणाली तवाच कळलं, न्हाई उतरत," त्या म्हणाल्या. "तिला खोटं बोलता येत न्हाई. धर. डब्यासकट ने, कोरडं राहील." प्रज्ञाने डबा घेतला. गयाबाईंनी दुसऱ्या बाजूने धरूनच ठेवला होता. "पर एक ध्यानात ठेव. माझा डबा रिकामा यायचा न्हाई. न्हाईतर दारात उभी करायची न्हाई मी."

"हाव, आजी."

मग कुठे सोडला.

विष्णुपुरी

विष्णुपुरीला धरणाचं पाणी दिसलं आणि मी एसटीत अर्धी उठून उभी राहिले. किती दिवसांनी क्षितिजापर्यंत पाणी. काठावर जाऊन बोट बुडवलं, चाखलं. गोड निघालं. समुद्राच्या माणसाला असं पाणी म्हणजे मीठ विसरलेलं जेवण, पण गोदावरी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत.

प्रयोगशाळेत मला चपला बाहेर, हात धुऊन आणि, प्रज्ञाच्या शब्दांत, "तोंड शक्यतो बंद" या अटींवर प्रवेश मिळाला. तिने शेवाळ काडीकाडीने निवडलं. एका काडीला हळद लागलेली निघाली, ती बाजूला. एका फांदीत ज्वारीचा दाणा अडकला होता, तो बाजूला. बाकीचं धुतलं, पुन्हा वाळवलं, दळलं. गल्लीत इतकी घरं फिरून आलेलं माझं झुडूप शेवटी चहाच्या भुकटीएवढं उरलं. तिने वजन केलं आणि मान डोलावली. पुरणार होतं. गयाबाईंच्या ओंजळींनी पुरणार होतं.

मंगळवारी तिने मला सूक्ष्मदर्शकातून पेशी दाखवल्या. फिकट, गोल, एकमेकींना चिकटून बसलेल्या, लग्नघरात दुपारी लवंडलेल्या बायकांसारख्या. यांनाच ती आता चिडवणार होती. मी मनात त्यांची माफी मागितली आणि गाडी पकडली.

घरी

पांढरी पिशवी जाताना समुद्राने भरलेली होती, येताना तूर, गूळ, शेंगा आणि ज्वारीने फुगलेली. घरी पोचल्यावर मी आमच्या वाडीत घराघरातून मूठ मूठ वाटलं. लोकांनी आधी संशयाने पाहिलं, की ही बाई फुकट काही देते म्हणजे निवडणुकीला उभी राहतेय. वाटून पिशवी रिकामी झाली तेव्हा तळाशी काहीतरी गोल हाताला लागलं. गयाबाईंचा डबा. प्रयोगशाळेत रिकामा झाला तो मी सवयीने उचलून पिशवीत टाकला असणार.

थोड्या दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. आवाज इतका साधा होता की मी घाबरलेच.

"मावशी, तिसऱ्यांदा बी तसंच आलं."

मी अंगणात एक गिरकी घेतली. मांजर पळालं. "म्हणजे औषध झालं?"

"न्हाई हो. म्हंजे आता पुढं बघायला परवानगी झाली. अर्कात नेमकं कोण काम करतंय ते येगळं काढायचं. मग प्राण्यांवर. मग माणसं. लई वेळ लागतो."

"गयाबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी डबा इचारला."

मी लगेच तो डबा धुतला, पुसला, आमच्या सगळ्यात चांगल्या कोकमांनी काठोकाठ भरला आणि सुमनताईंना फोन लावला की पाठवते, भरून पाठवते, रिकामा नाही. पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि गयाबाईंचा आवाज आला.

"काय भरलाव त्याच्यात?"

"कोकमं. पहिल्या प्रतीची."

"कोकमं सुमननं दिलीत मला. ती काढा. डबा ऱ्हाऊ द्या तिकडंच. समुद्र तिकडं हाय ना?"

"आहे."

"मग त्याच्यातून ते औषध निघालं म्हंजे डबा भरून घेऊन या. तुम्हीच या, पोरीला येळ नसतो. मी बसलेय हितंच. पाय कुठं चाललेत माझे?"

आणि स्वतःच्या विनोदावर त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

डबा आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, समुद्र दिसतो त्या बाजूला. येणारे पर्यटक विचारतात, ह्या गयाबाई कोण? मी सांगते, आमच्या सोयऱ्या आहेत. रोज सकाळी उघडून बघते, पुसते, पुन्हा बंद करते. झाकण चांगलं घट्ट आहे. खारी हवासुद्धा आत जात नाही.